गुळाच्या रव्यातला दगड

“हा बघा, आभाळातनं पडलेला दगड,” मल्लूशेठ म्हणाले आणि गादीला टेकून बसलेली दोन गिऱ्हाइकं आधीच हसायला लागली. त्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकलेली असणार.

मी कोल्हापूरच्या गूळ मार्केटात संक्रांतीसाठी गूळ घ्यायला गेले होते. मल्लूशेठ शेटे आमच्या माहेरच्या ओळखीतले अडते. त्यांच्यासमोर पावत्यांच्या गठ्ठ्यावर मोठ्या लिंबाएवढा एक काळा दगड ठेवलेला होता, पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून.

“कुठं पडला?” मी विचारलं.

“गुळात.” आता ते सरसावून बसले. “दौलू चौगले म्हणून एक गुळव्या होता, रसाचा गूळ करणारा कारागीर. दहा-बारा वर्षं झाली असतील. सौद्याला माल लावलाय, गुजरातचे व्यापारी बोलीला उभे आहेत, आमच्या माणसानं नमुन्याला रवा फोडला, ही एवढी ढेप, आणि आतनं हा निघाला. गुळात दगड म्हणजे अडत्याचं नाकच कापलं की. दौलूला पुढं घेतला, म्हटलं हा कुठनं आला? तर म्हणतो, आभाळातनं पडला.”

गिऱ्हाइकं खो खो हसली.

“पुढं ऐका. त्याचा मेहुणा शेजारीच उभा. त्याच गुऱ्हाळावर जाळ घालायच्या कामाला होता. त्यानं लगेच मान हलवली. व्हय, आभाळातनंच पडला, म्या बघितला. म्हणजे दाजी थाप मारतोय आणि मेहुणा तिला टेकू देतोय. पहिली दोन वर्षं ह्या दगडाला मुंग्या लागायच्या बाई, इतका गूळ चिकटला होता.”

मी दगड उचलला. तो दिसत होता त्याच्यापेक्षा बराच जड होता. वरून काळी, पातळ साल आणि एका कोपऱ्यावर टवका उडालेला, तिथं आतला करडा रंग आणि त्यात बारीक चकाकणारे कण. लोक किल्ल्यांच्या जुडग्यात देव अडकवतात, मी लोहचुंबक अडकवते. तो दगडाजवळ नेला तर टक्कन चिकटला. मी तो ओढून काढला आणि पुन्हा लावून बघितला.

आधी माझा धंदा सांगते. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. आभाळातून दगड पडतात, शास्त्रात त्यांना अशनी म्हणतात. बहुतेक समुद्रात नाहीतर ओसाड रानात पडतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मला नाद होता तो भलत्याच ठिकाणी पडलेल्यांचा. आमच्या संग्रहालयात माझं एक कपाट होतं. त्यातला एक असा, की माणूस पाणी प्यायला उठला आणि दगड त्याच्या बाजेचा सुंभ तोडून आरपार गेला. एक लग्नाच्या मांडवात पडलेला होता, आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडांनी तो एकमेकांनी मारला म्हणून हाणामारी केली होती. मूळ दगड मी सरकारी खात्याकडं पाठवून द्यायचे, आमच्याकडं त्याची एक चकती आणि हकीकत राहायची. हकीकत जमवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही सांगते. आणि एक नियम होता. पडताना कुणीतरी बघितलेला असला पाहिजे. नाहीतर तो नुसता सापडलेला दगड, आणि सापडलेले दगड पुष्कळ लोक जमवतात.

गुळाच्या रव्यातून निघालेला मात्र मी कधी ऐकलाही नव्हता. त्याला साक्षीदार दोन.

“हा दौलू आता कुठं असतो?”

“आहे की गावातच, पंचगंगेच्या काठाला. पण गुळव्या नाही राहिला. त्या दिवसानंतर कोण उभा करणार त्याला काहिलीपुढं, रसाच्या कढईपुढं?” मल्लूशेठचा आवाज जरा उतरला. “हात मात्र तसा कुणाचा नव्हता, बाई. पाक नुसता बोटावर घेऊन उतरायला आला का ते सांगायचा. त्याच्या गुळाला बोली लावायला माणसं थांबून राहायची.”

“मल्लूशेठ, हा खरंच आभाळातून पडलेला निघाला तर?”

“तर सकाळच्या सौद्याला, सगळ्या बाजारासमोर दौलूची माफी मागीन. आणि चांगल्या गुऱ्हाळावर त्याला स्वतः नेऊन उभा करीन.” ते हसतच म्हणाले, पण शब्दाला जागणारा माणूस होता.

“मग माफी कशी मागायची ते घोकून ठेवा,” मी म्हटलं आणि दगड पर्समध्ये टाकला.

कॉलेजात त्याची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मला शंका नव्हतीच, पण कागद हातात असलेला बरा. अशनी होता, शंभर टक्के. टवक्याच्या खाचेत अजून गुळाची काळी पडलेली रेघ होती. त्या आठवड्यात मी वर्गात सुद्धा हसत शिकवलं म्हणे, माझे विद्यार्थी घाबरले होते.

रविवारी गाडी काढली आणि दौलूचं गाव गाठलं. पानपट्टीवाल्याला विचारलं, दौलू चौगले कुठं राहतात?

“कोण, आभाळ्या?” तो म्हणाला. “शेवटचं कौलारू घर.”

घरात दौलूची बायको शेवंताबाई होती. पन्नाशीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. दौलू रोपवाटिकेत पाणी द्यायच्या कामाला जायचा, जेवायला घरी यायची वेळ झाली होती. तिनं मला बसवलं आणि चहा ठेवला. चहा साखरेचा होता. तिनं न विचारताच सांगितलं, “आमच्यात गूळ आणत न्हाईत. ह्यांस्नी चालत न्हाई.” गुळव्याच्या घरात गूळ नाही हे ऐकून मला वाईट वाटलं, पण आता आपण हे सगळं दुरुस्त करणार आहोत अशा थाटात मी बसून होते.

दौलू आला. बारीक चणीचा, पांढऱ्या मिशांचा, हातापायांना चिखल. मी दगड काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो लगेच ओळखला आणि दोन पावलं मागं सरला.

“तात्या, बसा,” मी म्हटलं. “हा दगड खरंच आभाळातून पडलेला आहे. तुमचं म्हणणं खरं होतं.”

शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. “एवढी वर्सं सगळ्या गावानं दात काढलं,” ती म्हणाली. “बाई, तुमच्या तोंडात साखर पडू दे.”

दौलू मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, “कोन म्हनतंय?”

“मी म्हणतेय.”

“म्हंजे मान्सानं टाकलेला न्हाई?”

“माणसानं टाकायला तो हाताशी हवा ना. ह्या जिल्ह्यात असला दगडच नाही.”

“पर कुनी दुसरीकडनं आनला असंल तर? नदीतनं, न्हाईतर खाणीतनं?”

“तात्या, मी जन्मभर दगडच बघत आलेय. ही वरची साल बघा. हा पेटत खाली आलाय, त्यानं ही झालीय. खाणीतल्या दगडाला अशी साल येत नाही.”

तो खाली बसला. मला वाटलं, आनंद झाला की काही माणसं अशीच होतात. मी सगळं सांगितलं, मल्लूशेठ भर सौद्यात माफी मागणार आहेत, चांगलं गुऱ्हाळ बघून देणार आहेत. हंगाम चालूच होता. आठवड्याभरात तो काहिलीपुढं उभा राहिला असता. शेवंताबाई म्हणाली, “ह्यांचं हात अजून झोपेत हालत्यात, पाक ढवळल्यागत.”

“फक्त एक काम आहे,” मी म्हटलं आणि कागद काढला. “पडताना तुम्ही काय बघितलं ते सांगा. मी लिहून घेते, खाली तुम्ही सही करा.”

दौलू कागदाकडं बघत राहिला.

“कसा दिसला? उजेड पडला का? आवाज?”

“आता आठवत न्हाई,” तो म्हणाला.

“अवं, आठवत कसं न्हाई,” शेवंताबाई म्हणाली. “देवळापुढं पोरं इचारायची तवा सांगत हुता की. लाल इंगळ आला आन् वाफ्यात पडला म्हनून.” वाफा म्हणजे काहिलीतून उतरवलेला गूळ निवायला ओततात तो उथळ हौद.

“बास की, तात्या. लाल इंगळ, वाफ्यात पडला. लिहिते,” मी म्हटलं. लिहून त्याच्या हातात पेन दिलं.

त्यानं पेन धरलं. चिखलाचं बोट कागदाला लागेल म्हणून आधी धोतराला पुसलं. सही करायला वाकला आणि तसाच थांबला. मग त्यानं पेन माझ्यासमोर ठेवलं.

“बाई, म्या काय बी बघितलं न्हाई.”

मी खरंच चिडले. “म्हणजे काय? तुम्हीच तर सगळ्या बाजाराला सांगितलंत.”

“थाप मारली.”

“कशासाठी?”

त्यानं बायकोकडं बघितलं नाही. “आनंदाला वाचवाय.”

आनंदा म्हणजे तोच मेहुणा, शेवंताबाईचा एकुलता एक भाऊ. दौलू थांबत थांबत बोलत गेला. “आदल्या दिवशी सकाळी आमची वाजली हुती. त्याला पाक उतरवाय शिकायचं हुतं. मी चारचौघांत म्हनलं, तुझा हात जाळ घालायच्याच लायकीचा हाय. तोंड पाडून गेला, दिवसभर बोलला न्हाई. दुसऱ्या दिवशी रव्यातनं दगड निघाला. मला दुसरं काय वाटणार? राग काढला ह्यानं, माझं नाव घालवाय टाकला. गुऱ्हाळाचा मालक बी त्याच्याकडंच बघाय लागला हुता, भोवती हमाल हुतं. त्याला तिथंच तुडवला असता. मग तोंडाला आलं ते बोललो.”

“पण त्यानं तर तुमची बाजू घेतली.”

“त्यातच घावला की, बाई. आभाळातनं पडला ही माझी थाप, माझी मला ठावं. आन् ह्यो म्हनतो, व्हय, म्या बघितला. थापंला व्हय कोन म्हनंल? ज्यानं टाकलाय तोच म्हनंल. तवाच माझी खात्री पटली. गावाच्या येशीवर त्याला सांगितलं, पुन्यांदा माझ्या दारात पाय ठेवू नगंस.”

मला ते सगळं एकत्र जुळवायला एक क्षण लागला. शेवंताबाईला तेवढाही लागला नाही.

“म्हंजे त्यानं खरंच बघितला हुता,” ती म्हणाली.

दौलूनं मान खाली घातली.

“आई गेली तवा तिसऱ्या दिवशी मला माघारी आनलंत,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “भाऊबीजंला दरसाल मी दारात बसून असायची. तुम्ही म्हनायचा, इचारू नगंस. मला वाटायचं त्यानंच काहीतरी तसलं केलं असंल, सांगाय लाज वाटत असंल. मी माझ्या भावाबद्दल असलं मनात आनलं.”

“शेवंता, माझी चूक—”

“उठा. जेवण ऱ्हाऊ दे. बाई, गाडीत जागा हाय न्हवं?”

मल्लूशेठनी पुढं शब्द पाळला, दौलूची माफी मागितली आणि त्याला कामही मिळालं, हे आताच सांगून टाकते. कारण त्या दुपारी दौलूला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गाडीत तो मागच्या सीटवर अंग चोरून बसला. शेवंताबाई माझ्याशेजारी, नजर सरळ रस्त्यावर. मला दौलूचा राग येत होता आणि, खोटं कशाला बोलू, साक्षीदार जिवंत आहे म्हणून आतून उकळ्याही फुटत होत्या. एक साक्षीदार गेला तरी एक राहिला. नियमाला एक पुरतो.

आनंदाचं गाव नदीपलीकडं. तो गोठ्यापुढं कडबा तोडत होता. चाळिशी ओलांडलेला, रुंद, दाढी वाढलेली. गाडीतून बहीण उतरलेली बघून त्याच्या हातातला विळा खाली आला.

“आक्का,” तो म्हणाला. मग मागून उतरणारा दौलू दिसला. त्यानं घाईघाईनं खांद्यावरच्या टॉवेलनं ओट्यावरची धूळ झटकली. “दाजी, या की. बसा. कोन आजारी न्हाई न्हवं?”

एवढ्या वर्षांनी माणूस दारात आलाय आणि ह्याचा पहिला प्रश्न हा. मला तिथंच उमगलं की हा खोटं बोलणार नाही.

मीच दगड काढला, मी कोण ते सांगितलं, दगड खरा असल्याचं सांगितलं. आनंदानं तो हातात घेऊन अंगठ्यानं चोळला.

“ठावं हाय की मला,” तो म्हणाला. “म्या सांगितलं हुतं मार्केटात.”

“पुन्हा सांगा. काही गाळू नका.”

तो सांगायला लागला आणि मी लिहायला लागले. दुपारची वेळ. आभाळ मोकळं, आणि गडगडल्यासारखा आवाज झाला. जवळच दगडाची खाण होती, सुरुंग उडाला असेल म्हणून कुणी मान वर केली नाही. तो चुलीत घालायची चिपाडं आणायला ढिगाकडं गेला होता. वरून काहीतरी काळं सुसाट आलं, वाफ्यात ‘थप्प’ झालं आणि गूळ कडेला उडाला. लाल इंगळ वगैरे काही नव्हता. सगळे काहिलीकडं तोंड करून होते, पुढचा पाक उतरायला आला होता.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

आनंदा ओशाळला. “आमचं बोलनं बंद हुतं त्या दिवशी. आन् मला वाटलं घारीच्या तोंडातनं काय तरी पडलं. म्हनलं, बघतील त्यांचं ते. मग गड्यांनी वाफ्यातला गूळ ढवळला, आन् तसाच रव्याच्या साच्यात भरला.”

“आणखी कुणी पडताना बघितलं?” हा माझा शेवटचा ठराविक प्रश्न असायचा.

“दाजींनी बघितला की.” त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. “त्यांनीच तर आधी सांगितलं. ते आभाळातनं म्हनलं तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला, घार न्हवती म्हनून. पुढं गावानं लई टिंगल केली बाई. पर मी म्हनायचो, हसू द्यात. मी एकट्यानं न्हाई, दाजींनी बी बघितलाय. दाजी खोटं बोलणारा मानूस न्हवं.”

मी लिहायचं थांबले. शेवंताबाई दौलूकडं बघत होती.

दौलू ओट्यावरून उठून उभा राहिला. “म्या बघितला न्हाई, आनंदा. मला वाटलं तू टाकलास. तुला मार पडू ने म्हनून मी आभाळ म्हनलो. आन् तू व्हय म्हनलास तवा मला वाटलं, चोर घावला.”

आनंदाच्या हातात अजून दगड होता. तो त्यानं माझ्याकडं परत दिला, मग विळा उचलून भिंतीला टेकवला. गोठ्यातली म्हैस हंबरली, तिच्यापुढं थोडा कडबा टाकला. परत येईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो.

“मला इचारायचं तरी हुतं, दाजी,” तो म्हणाला. “मी सांगितलं असतं.”

दौलूचा चेहरा मला बघवेना. तो लहान मुलासारखा रडायला लागला, उभ्या उभ्या, तोंड न झाकता. आनंदानं त्याला धरून ओट्यावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी कागदावर आनंदाची सही घेतली. पडताना बघणारा, एक. माझ्या कपाटातल्या सगळ्या हकीकतींत इतकी चोख साक्ष दुसरी नाही. ऊन कलायला लागलं तशी मी निघायला उठले. दौलूही डोळे पुसून उठला आणि बायकोकडं वळला.

“चल.”

शेवंताबाई भावाशेजारी ओट्यावर बसली होती. तिनं पाय वर घेतले आणि मांडी घातली.

“तुम्ही जावा बाईंच्या गाडीतनं. मी ऱ्हाणार हाय इथं.”

“कवा न्याय येऊ?”

“येऊ नगा. माझी मी येईन.”

“पर किती दिस?”

“जितकं दिस तुम्ही येऊ दिलं न्हाईत, तितकं,” ती म्हणाली, आणि भावाला म्हणाली, “आनंदा, आत जाऊन चूल पेटव. ह्यांस्नी वाटंला लावून आलेच.”